लंगडणाऱ्या कोंबडीचा तळवा आधी बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका वाचकाने विचारलं होतं, की घरची कोंबडी दोन दिवसांपासून एक पाय अधांतरी धरते, खाणंपिणं नीट आहे, पण लंगडते, काय करावं? त्यावर ज्यांचं उत्तर छापून आलं त्यांनी दोन ओळींत विषय संपवला. चार दिवस वाट बघा, आपोआप बरी होईल. नाही झाली तर ठेवून उपयोग नाही. ते वाचल्यापासून मला चैन नाही. चार दिवस वाट बघण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. चाराचे बारा दिवस कसे झाले ते कळलं नाही आणि एक धडधाकट कोंबडी माझ्या हातून गेली. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण कृपा करून छापावं.

मी चौतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात. जखम धुणं, ड्रेसिंग बदलणं, टाके काढणं यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर घरामागे खुराडं बांधलं, आता सात कोंबड्या आहेत. मी पशुवैद्य नाही. इथे लिहिते आहे ते लहान जखमेपुरतं, घरी करता येण्याजोगं, आणि कुठे हात थांबवायचा तेवढंच.

आधी काळीबद्दल. काळी ही माझी सगळ्यात वजनदार कोंबडी. एका सकाळी ती उजवा पाय टेकताना किंचित अडखळली. मी पाहिलं, आणि मुरगळला असेल म्हणून सोडून दिलं. ती खात होती, अंगणात फिरत होती, अंडीही देत होती, म्हणून मी निर्धास्त होते. कोंबडी हा दुसऱ्याच्या तोंडी पडणारा जीव. दुखणं दाखवणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून ती शेवटपर्यंत दुखणं लपवते. माणूस कण्हतो, कपाळाला आठ्या घालतो, नर्सला हाक मारतो. कोंबडी यातलं काहीच करत नाही. तिचं लंगडणं आपल्याला दिसलं, याचाच अर्थ लपवण्यापलीकडे दुखायला लागलं आहे.

बाराव्या दिवशी तिला उचललं आणि पंजा उलटा केला. तळव्याच्या मधोमध, चारही बोटं जिथे एकत्र येतात त्या गादीवर, मसुराएवढी काळी टणक खपली होती. भोवती सूज, आणि ती सूज बोटांच्या बेचक्यांतून वरच्या बाजूलाही आलेली. माणसांच्या पायाला कुरूप होतं तसं ते पहिल्या नजरेला दिसतं. पण कुरूप वेगळं. हा आतून धरलेला जंतुसंसर्ग होता, ज्याला इंग्रजीत बंबलफूट म्हणतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. हा जंतू आपल्या कातडीवर असतो, तिच्याही असतो. कातडी अखंड असेतो काही करत नाही. एखादी कुसळ, काचेचा कण, खरखरीत दांडीचा ओरखडा, उंचावरून कडक जमिनीवर मारलेली उडी, एवढीशी वाट मिळाली की आत शिरतो.

इथे माझ्या अनुभवानेच मला फसवलं. माणसाचं गळू पिकतं, फुटतं, पू वाहून जातो आणि माणूस मोकळा होतो. हेच डोळ्यांपुढे ठेवून मी काळीचा पाय दोन दिवस शेकला आणि दाबून पाहिला. रक्ताच्या दोन थेंबांपलीकडे काही आलं नाही. पशुवैद्यांकडे नेल्यावर त्यांनी सांगितलं, पक्ष्यांचा पू पातळ होतच नाही. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी जी द्रव्यं असतात, त्यांतली काही पक्ष्यांच्या पेशींत नसतात. म्हणून त्यांचा पू घट्ट, मेणासारखा गोळा होऊन आत बसतो. दाबल्याने तो बाहेर येत नाही, उलट खोल, स्नायुबंधांच्या नि हाडाच्या दिशेने ढकलला जातो. मी ते दोन दिवस काय करत होते हे ऐकताना माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. एक्स-रेमध्ये हाडापर्यंत संसर्ग गेलेला दिसला. उपाय उरला नव्हता. तिला शांतपणे झोपवलं.

त्यानंतर वर्षभराने कवडीची वेळ आली. कवडी म्हणजे पांढऱ्या-करड्या ठिपक्यांची तलंग, नुकती अंड्यावर आलेली. संध्याकाळी खुराड्यात शिरताना तिने डावा पाय पोटाशी घेतला आणि तसाच धरून ठेवला. कोंबड्या एका पायावर उभ्या राहून विसावा घेतात, थंडीत तर हटकून घेतात, त्यामुळे तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. पण चालायची वेळ आली की निरोगी कोंबडी तो पाय खाली टेकते. कवडीने टेकला नाही, दोन उड्या मारल्या. मी त्याच रात्री तिला बघायचं ठरवलं.

रात्रच योग्य. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती दांडीवर बसलेली असते, मागे धावावं लागत नाही, बाकीच्या बिथरत नाहीत. नातवाने टॉर्च धरला. मी जुना टॉवेल तिच्या अंगाभोवती गुंडाळला, पंख आत, डोक्यावरून एक पदर. डोळ्यांवर अंधार आला की ती सैल पडते. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: तिची छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढेमागे होईल तेव्हाच तिचा श्वास आत-बाहेर होतो. हात घट्ट झाले तर ती आवाज न करता गुदमरते. तिला पाठीवर फार वेळ उताणी ठेवू नका, पायाला धरून उलटी तर मुळीच लटकवू नका. चारापाण्याने भरलेल्या गळ्याच्या पिशवीतलं पाणी तोंडात येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी तिला मांडीवर कुशीत घेते, डोकं माझ्या कोपराखाली, पाय बाहेर.

मग आधी चांगला पाय बघायचा. ही वॉर्डातली सवय इथे उपयोगी पडली. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश सेल्सियस असतं, त्यामुळे ज्याला सवय नाही त्याच्या हाताला प्रत्येक कोंबडी तापलेलीच वाटते. दोन पंजे दोन हातांत घेतले की फरक कळतो. कवडीचा डावा पंजा उजव्यापेक्षा गरम होता, सुजलेला मात्र नव्हता. बोटं एकेक करून वाकवली, नखं पाहिली, बेचक्या उघडल्या, खवल्यांवरून बोट फिरवलं. शेवटी तळवा. माती सुकून बसली होती. ओल्या गॉजने ती सोडवली, तेव्हा मधल्या बोटाच्या बुडाशी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चीर दिसली, कडा फाकलेल्या, आत गुलाबी. चिरेत काहीतरी चमकत होतं. चिमट्याने काढलं तर पत्र्याचा कपचा, नखाच्या कोरीएवढा. तिने तेवढ्यापुरता पाय आखडला आणि पुन्हा सैल सोडला. नातू म्हणाला, "आजी, ती डोळे मिटून बसली आहे." काळीचा तळवा मी पहिल्या रात्री उलटून पाहिला असता तर तिथेही असंच काहीतरी सापडलं असतं, असं मला वाटतं. हा विचार त्या रात्रीपासून मनातून गेलेला नाही.

जखम ताजी असेल आणि रक्त येत असेल तर आधी स्वच्छ कापड धरून तीन-चार मिनिटं दाबून ठेवा, मध्ये मध्ये उचलून बघू नका. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर रक्त असतं. आपल्याला चमचा-दोन चमचे वाटणारं रक्त तिच्यासाठी थोडं नसतं. नख मुळाशी तुटलं तर बरंच रक्त येतं, तिथे मक्याच्या पिठीची चिमूट दाबून धरली की थांबतं.

धुण्यासाठी उकळून कोमट केलेलं पाणी आणि मीठ पुरतं, एका लिटरला ९ ग्रॅम. प्रमाण मोजून घ्या. जास्त मीठ झोंबतं. माती घट्ट बसली असेल तर पंजा दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. कवडी त्या दहा मिनिटांत चक्क पेंगायला लागली. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, पण बाटलीतलं थेट ओतायचं नाही. ते पाण्यात मिसळून कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करा. तीव्र आयोडीन आणि फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने भरून येणारं मांसही जाळतं. पेरॉक्साइड मी माझ्या कोंबड्यांना लावत नाही. माणसांच्या मलमांपैकी ज्यांच्या नावात शेवटी 'केन' येतं, म्हणजे बेन्झोकेन, लिग्नोकेन यांसारखी बधिर करणारी द्रव्यं असतात, ती पशुवैद्यांना विचारल्याशिवाय पक्ष्याला लावू नका. इवल्याशा देहात त्यांचं प्रमाण पटकन जास्त होतं.

धुतल्यावर पंजा पूर्ण कोरडा करणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली तर पट्टीखाली कातडी भिजून पांढरी पडते आणि तिथेच नवी चीर जाते. मी गॉज टिपून टिपून वापरला, घासला नाही.

आता पट्टी. इथे पुन्हा माझा जुना हात आडवा आला, आणि हे सविस्तर लिहिणं भाग आहे. जखमेवर न चिकटणाऱ्या गॉजचा लहान चौकोन ठेवायचा, त्यावर कापसाची पातळ गादी, आणि त्यावरून स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी. ही पट्टी पिसांना चिकटत नाही, म्हणून बरी. अखंड रुंद पट्टी पंजाला बसत नाही. तिच्या उभ्या फाडून बोटभर रुंदीच्या फिती करायच्या. एक फीत तळव्यावरून घेऊन पहिल्या बेचकीतून वर, तिथून खाली, पुढच्या बेचकीतून वर, अशी इंग्रजी आठासारखी फिरवत न्यायची आणि शेवट नडगीवर दोन सैल वेढे देऊन करायचा. बोटांची टोकं आणि नखं उघडी राहिली पाहिजेत. पट्टी ताणून लावायची नाही. ही पट्टी ताणलेली असली तर बांधून झाल्यावर हळूहळू आवळत जाते.

तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग माणसाच्या घोट्याला बांधते त्या ताणाने बांधलं. बांधून झाल्यावर छान दिसलं. दोन तासांनी पाण्याचं भांडं भरायला गेले तर कवडी पट्टीला चोचा मारत होती. हात लावून पाहिलं, मधल्या बोटाचं टोक थंडगार, आणि इतर बोटांपेक्षा जाड. पिवळ्या पायावर रंगाचा फरक लवकर दिसत नाही, हाताला थंडावा मात्र लगेच कळतो. पट्टी कात्रीने कापून काढली. कोंबडीच्या पायाला मांसल भाग जवळजवळ नसतो, कातडी, खवले, स्नायुबंध आणि हाड एवढंच. आवळ शोषून घ्यायला तिथे काही नाही. तेव्हापासून पट्टी बांधल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा मी बोटांची टोकं चाचपून पाहते. ती चोच मारते तेव्हा खोडी म्हणून सोडून देऊ नका, आधी पट्टी सोडून बघा.

पहिले पाच दिवस ड्रेसिंग रोज बदललं, नंतर दिवसाआड. भिजलं किंवा विष्ठा लागली तर त्याच क्षणी. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून केलं, त्यामुळे चौथ्या दिवशी टॉवेल दिसला की कवडी स्वतः थांबायला लागली. खपली धरली की तिला नखाने उचकटायचा मोह होतो. करू नका. साध्या चिरेवरची पातळ, तपकिरी खपली खालचं मांस भरलं की आपोआप गळते. मी वर काळीची लिहिली ती जाड, काळी, टणक आणि सुजेच्या मधोमध बसलेली खपली वेगळी; ती घरी सोडवायची नाही, पशुवैद्यांनी सोडवायची.

आणखी एक चूक बरेच जण मायेपोटी करतात. जखमी कोंबडीला घरात, वेगळ्या खोलीत नेतात. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. पंधरा दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की तिला आपली जागा पुन्हा भांडून मिळवावी लागते, आणि तीही नुकत्या भरलेल्या पायावर. दुसरीकडे तिला उघड्या जखमेसह कळपात ठेवणंही धोक्याचं. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच चोच मारतात, आणि एकीने सुरुवात केली की सगळ्या धावतात. यावर मी केलं ते असं: खुराड्याच्या आतच एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा ठेवला. कवडी सगळ्यांना दिसत होती, सगळ्या तिला दिसत होत्या, रात्री त्या जाळीला टेकून बसत. खाली कोरडं जुनं कापड, रोज बदललेलं. दांडी नाही, म्हणजे उडी नाही. दाणा आणि पाणी मान पुढे केली की मिळेल इतकं जवळ. कोंबडी दाण्याच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पिते. दुखऱ्या पायाने चार पावलं चालायची नको म्हणून ती पाणी पिणं टाळते, मग दाणाही कमी होतो, आणि आपण म्हणतो जखमेने खंगली.

लंगडणं म्हणजे दर वेळी जखमच असं नाही, आणि तळवा बघण्याचा हा दुसरा फायदा. बोटाभोवती केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो. तो खवल्यांच्या मध्ये रुतून दिसेनासा होतो आणि बोट काळं पडून झडतं. बारीक कात्रीने काढला की पाय वाचतो. नडगीवरचे खवले वर उचललेले, खाली पांढरी भुकटी असेल तर ती खवल्यांखालची कीड. तिला पट्टी चालत नाही, तिचा उपचार निराळा आणि साऱ्या कळपाला. पाय वेडावाकडा लोंबत असेल तर हाड मोडलंय. आणि तळवा स्वच्छ, कुठेही सूज नाही, तरी एक पाय पुढे आणि एक मागे असा फाकून कोंबडी बसली असेल, विशेषतः तरुण कोंबडी, तर तो मारेकचा रोग असू शकतो. हंगेरीचे पशुवैद्य योजेफ मारेक यांनी १९०७ साली तो नोंदवला. तो विषाणूने होतो, मज्जातंतूंना धरतो आणि इतर पक्ष्यांत पसरतो. अशा वेळी मलमपट्टीत दिवस घालवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.

बाकी दाखवायचं केव्हा, तेही सांगते. सूज तळव्यातून वरच्या बाजूला आली, लाली किंवा उष्णता नडगीकडे चढू लागली, जखमेला वास आला, आत हाड किंवा स्नायुबंध दिसला, कोंबडीने दाणा सोडला, किंवा नीट काळजी घेऊनही तीन दिवसांत काहीच फरक नाही, तर घरचे उपाय थांबवा.

घरातल्या कपाटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या कृपया देऊ नका. मला शेजारच्या एका ताईंनी अगदी प्रेमाने अर्धं पाकीट आणून दिलं होतं. साध्या, स्वच्छ ठेवलेल्या जखमेला प्रतिजैविक लागतच नाही. कवडीला एकही गोळी द्यावी लागली नाही. ज्या जखमेला लागतं तिथे कोणतं, किती आणि किती दिवस हे पशुवैद्यच ठरवू शकतात, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तेच सांगतात, कारण औषध अंड्यात उतरतं. एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांत वापरलं जाणारं औषध अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण त्याला दाद न देणारे जंतू कोंबड्यांतून माणसांपर्यंत येत होते. वॉर्डात औषधाला दाद न देणारी जखम घेऊन पडलेली माणसं मी पाहिली आहेत. ते उरलेलं पाकीट मी ताईंना हात जोडून परत केलं.

ड्रेसिंग करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. जखमेतला जंतू तुमच्या हातावरच्या ओरखड्यालाही चालतो, आणि कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान मुलांना टॉर्च धरू द्या, जखमेला हात लावू देऊ नका. नातवाला मी हेच सांगितलं आणि त्याने ते चोख पाळलं.

काळी गेल्यावर मी खुराड्याकडे नव्याने पाहिलं. तिची दांडी साडेचार फूट उंच होती आणि खाली टणक जमीन. एवढी जड कोंबडी रोज सकाळी तिथून धप्पकन उतरत होती, आणि तो आवाज मी रोज चहा घेताना ऐकत होते. आता दांडी दीड फुटावर आहे, दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या, कुठे कुसळ निघालेली नाही. कोंबडीचा पंजा सपाट टेकून तिच्यावर नीट बसतो. खाली कोरड्या भुशाचा जाड थर. ओला भाग रोज उचलते. ओल्या भुशात कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला चीर लवकर जाते. अंगणात अजूनही दर आठवड्याला चुंबक लावलेली काठी फिरवते. खिळे, तारा, पत्र्याचे कपचे निघतात. कवडीच्या पायातल्या कपच्याचा भाऊ म्हणावा असा एक परवाच मिळाला.

'ठेवून उपयोग नाही' या वाक्याबद्दल एवढंच म्हणेन. कोंबडीला दुखतं का, असा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी निरोगी आणि लंगड्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचा दाणा ठेवला, त्यातल्या एका रंगात कार्प्रोफेन हे वेदनाशामक होतं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचा दाणा जास्त निवडला, लंगडणं जितकं अधिक तितका अधिक, आणि तो खाल्ल्यावर त्यांची चाल सुधारली. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दाण्यातून सांगितलं. मला हे वाचून काळीचे बारा दिवस आठवले. ती तेव्हाही अंडी देत होती.

कवडीची खपली अकराव्या दिवशी पिंजऱ्यातल्या कापडावर पडलेली सापडली. खाली नवी गुलाबी कातडी होती. आणखी तीन दिवस पातळ पट्टी ठेवली आणि मग संध्याकाळी, सगळ्या दांडीवर चढायच्या वेळी, पिंजऱ्याचं दार उघडलं. ती तिच्या जुन्या जागी, दुसऱ्या टोकाकडून तिसरी, जाऊन बसली. कोणी टोचलं नाही.

ज्या वाचकाने प्रश्न विचारला होता त्यांना माझी विनंती: हे पत्र छापून येईपर्यंत तुमच्या कोंबडीचे आणखी काही दिवस गेलेले असतील. आज रात्री ती दांडीवर बसली की टॉवेल, टॉर्च, कोमट पाणी आणि गॉज घेऊन जा. कोणाला तरी सोबत घ्या. आधी चांगला पाय हातात घ्या, मग दुखरा, आणि तळवा धुऊन बघा. काळी टणक खपली दिसली तर तिला हात लावू नका, सकाळी पशुवैद्यांकडे न्या. नुसती चीर असेल तर काय करायचं ते वर लिहिलं आहे. काय दिसलं ते याच पत्रव्यवहारातून कळवाल का? मी वाट पाहीन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका